मेकॉलेच्या तोंडी घातलेले भाषण

शिक्षण धोरणाचा किंवा मराठी शाळांचा विषय निघाला की एक उतारा हमखास मोबाइलवर फिरू लागतो. २ फेब्रुवारी १८३५ रोजी लॉर्ड मेकॉले याने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये केलेल्या भाषणाचा तो अंश आहे, असे त्यात सांगितलेले असते. त्याचा आशय असा : मी हिंदुस्थानात उभाआडवा फिरलो, पण मला एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, या देशाची संपत्ती, इथली नीतिमूल्ये आणि इथल्या माणसांची योग्यता पाहता, त्यांचा आध्यात्मिक आणि सांस्कृतिक वारसा हा जो कणा आहे तो मोडल्याशिवाय आपण हा देश कधीच जिंकू शकणार नाही, म्हणून त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलून टाकू, म्हणजे ते स्वाभिमान गमावून आपल्याला हवे तसे गुलाम राष्ट्र बनतील. अलीकडे याला आणखी एक शेपूट जोडलेले असते : भारतात तेव्हा सात लाख बत्तीस हजार गुरुकुले होती आणि मेकॉलेने कायदा करून ती बंद पाडली.

हा उतारा बनावट आहे. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू वाईट नसतो हे मान्य करूनही त्यातला एकेक दावा तपासण्यासारखा आहे, कारण मेकॉलेने खरोखर जे लिहिले ते या बनावटीआड झाकले जाते.

आधी तारीख आणि स्थळ पाहू. मेकॉले १० जून १८३४ रोजी मद्रासला उतरला आणि जानेवारी १८३८ पर्यंत हिंदुस्थानातच होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून त्याची नेमणूक झाली होती आणि त्यासाठी त्याने पार्लमेंटमधील लीड्सची जागा सोडली होती. म्हणजे २ फेब्रुवारी १८३५ रोजी तो कलकत्त्यात होता आणि पार्लमेंटचा सदस्यही नव्हता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला त्या काळी चार-चार महिने लागत, तेव्हा मध्येच एक फेरी मारून भाषण ठोकून आला असेल, ही शक्यताही उरत नाही. याहून गमतीचा भाग असा की त्या दिवशी भाषण ऐकायला पार्लमेंटच भरलेले नव्हते. २९ डिसेंबर १८३४ ला ते बरखास्त झाले होते, जानेवारीत निवडणुका सुरू झाल्या होत्या आणि नवे पार्लमेंट १९ फेब्रुवारी १८३५ रोजी प्रथम भरले. वेस्टमिन्स्टरची जुनी इमारतही त्याआधीच्या ऑक्टोबरातील आगीत जळून गेली होती. भाषण रचणाऱ्याने तारीख निवडताना पंचांगही पाहिले नाही!

‘उभाआडवा फिरलो’ हा दावाही असाच. त्या दिवसापर्यंत मेकॉलेला हिंदुस्थानात येऊन आठ महिनेही झाले नव्हते. मद्रासहून तो पालखीतून सुमारे चारशे मैल जाऊन उटकमंडला पोहोचला, कारण गव्हर्नर जनरल बेंटिंक तेव्हा निलगिरीत मुक्कामाला होता. तिथे पावसाळा काढून तो परत मद्रासला आला आणि तेथून समुद्रमार्गे कलकत्त्याला गेला. त्याचा देशाटनाचा अनुभव एवढाच. पुणे, दिल्ली, काशी यांपैकी काहीच त्याने तोवर पाहिलेले नव्हते.

भिकारी आणि चोर दिसले नाहीत म्हणे. तो मद्रासला उतरण्यापूर्वी जेमतेम वर्षभर आधी त्याच इलाख्यातील गुंटूर भागात भीषण दुष्काळ पडून गेला होता. चोरांविषयी तर बोलायलाच नको. ज्या कौन्सिलात मेकॉले बसत होता, त्याच कौन्सिलाने १८३६ साली ठगांविरुद्धचा तिसावा कायदा केला, आणि ठगांच्या टोळीत कधीकाळी सामील असल्याचे सिद्ध झाले तरी जन्मठेप देण्याची तरतूद त्यात होती. भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा १८३७ साली सादर झाला तो मेकॉलेच्याच अध्यक्षतेखालील विधी आयोगाचा. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांच्या व्याख्या ज्याच्या देखरेखीखाली लिहिल्या गेल्या, त्या माणसाला या देशात चोर आढळला नाही, हे कोणालाही पटू नये. राहिला उच्च नीतिमूल्यांचा प्रश्न. १८४१ साली वॉरन हेस्टिंग्जवर लिहिलेल्या निबंधात त्याने बंगालच्या लोकांविषयी असे लिहिले आहे, की रेड्याला जशी शिंगे तशी या लोकांना फसवणूक. खोटी साक्ष आणि बनावट कागद ही त्यांची शस्त्रे आहेत. इतका सरसकट आणि इतका उर्मट अपमान करणारा माणूस कोणाच्या उच्च नीतिमूल्यांनी भारावून गेला असेल?

‘हा देश आपण कधीच जिंकू शकणार नाही’ या वाक्याबद्दल मराठी वाचकाला फार सांगावे लागू नये. शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण १८१७ च्या नोव्हेंबरात चढले आणि पुढच्याच वर्षी दुसरा बाजीराव शरण गेला. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, १७६५ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, श्रीरंगपट्टण १७९९ ला पडले होते, दिल्ली १८०३ ला हाती आली होती. सिंध आणि पंजाब सोडले तर १८३५ साली जिंकायचे असे फारसे उरलेच नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख उताऱ्यात आली कुठून? ती खरी आहे. त्या दिवशी मेकॉलेने कलकत्त्यात आपले शिक्षणविषयक टिपण लिहून बेंटिंककडे दिले. बनावट उतारा रचणाऱ्याने या टिपणाची तारीख घेतली आणि मजकूर मात्र सोडून दिला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर दिसते, की एकाच दिवशी एकाच माणसाने परस्परांच्या नेमके उलट दोन मते मांडली असे मानावे लागेल. एकात तो हिंदुस्थानच्या वारशापुढे नतमस्तक आहे. दुसऱ्यात, म्हणजे खऱ्या टिपणात, तो म्हणतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयाचे एक फडताळ हिंदुस्थान आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोलाचे आहे. आणि हे म्हणण्याच्या किंचित आधी, आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, याची कबुलीही देऊन टाकतो. इथल्या वैद्यकाची इंग्लंडातल्या घोड्यांच्या नालबंदालासुद्धा लाज वाटेल, खगोलज्ञान ऐकून तिकडच्या शाळकरी मुली हसतील, इतिहासात तीस फूट उंचीचे आणि तीस हजार वर्षे राज्य करणारे राजे आहेत आणि भूगोलात काकवीचे व लोण्याचे समुद्र आहेत, अशी खिल्ली त्याने उडवली आहे. देशी भाषांना तर त्याने वादातूनच बाद केले : त्यांत ना साहित्य, ना शास्त्र, त्या ओबडधोबड आणि दरिद्री. ज्या मराठीत ज्ञानेश्वरी तेराव्या शतकात लिहिली गेली आणि जिचा मोल्सवर्थकृत जाडजूड कोश चारच वर्षांपूर्वी, १८३१ मध्ये, छापला गेला होता, तिचाही समावेश या शेऱ्यात होतो.

हे टिपण आहे तरी कशाविषयी? वाद एक लाख रुपयांचा होता. १८१३ च्या सनदी कायद्यात विद्येच्या पुनरुज्जीवनासाठी आणि एतद्देशीय विद्वानांच्या उत्तेजनार्थ दरसाल लाखभर रुपये बाजूला ठेवण्याचे ठरले होते. ते संस्कृत-अरबीवर खर्चावेत की इंग्रजीवर, यावरून सार्वजनिक शिक्षण समितीत उभी फूट पडली होती, पाच सदस्य इकडे आणि पाच तिकडे. मेकॉलेने त्यात वकिली थाटात हिशेब मांडला आहे. तीन वर्षांत संस्कृत-अरबी पुस्तकांच्या छपाईवर सुमारे साठ हजार रुपये खर्च झाले आणि विक्री पुरती हजार रुपयांचीही झाली नाही, तेवीस हजार प्रती अडगळीत पडून आहेत, संस्कृत शिकायला विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्यावे लागते, उलट इंग्रजी शिकायला ते पदरचे पैसे मोजतात. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातून बाहेर पडलेल्यांनी सरकारकडे केलेला अर्जही तो पुरावा म्हणून पुढे करतो : दहा-बारा वर्षे शिकलो, आता पोटापाण्याला काही द्या. यात कुठेही कणा मोडण्याचा गुप्त कट नाही. आपण उपकारच करत आहोत, अशी पक्की खात्री असलेल्या माणसाचा अहंकार आहे, आणि तो त्याने जराही लपवलेला नाही.

जे वाक्य खरोखर फिरायला हवे तेही याच टिपणात आहे. आपल्या तुटपुंज्या साधनांनी सगळ्या जनतेला शिकवणे आपल्याला शक्य नाही, असे सांगून तो लिहितो, की आपण आणि आपण राज्य करतो ती कोट्यवधी माणसे यांच्यात दुभाष्याचे काम करणारा एक वर्ग तयार करावा. रक्ताने आणि रंगाने हिंदी, पण अभिरुची, मते, नीती आणि बुद्धी यांनी इंग्रज. पुढे १२ ऑक्टोबर १८३६ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपली योजना नीट चालली तर तीस वर्षांत बंगालच्या प्रतिष्ठित वर्गात एकही मूर्तिपूजक उरणार नाही, असे भाकीत त्याने केले. ते साफ खोटे ठरले, हे वेगळे सांगायला नको. पण ज्यांना मेकॉलेविरुद्ध पुरावा हवा आहे त्यांच्यासाठी तो त्याच्या स्वतःच्या अक्षरात उपलब्ध असताना नकली कागद का बाळगावा, हे कोडे आहे.

गुरुकुले कायद्याने बंद केल्याचा दावा थोडा निराळा आहे, कारण त्याच्या मुळाशी एक खरे दुःख आहे. आधी खोटा भाग बाजूला करू. असा कायदा कधी झालाच नाही. ७ मार्च १८३५ ला बेंटिंकने जो ठराव केला त्यात नवा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्चावा, नवी विद्यावेतने देऊ नयेत आणि संस्कृत-अरबी ग्रंथांची छपाई थांबवावी असे होते. मात्र एतद्देशीय विद्येची जी कॉलेजे व शाळा चालू आहेत ती मोडण्याचा सरकारचा इरादा नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. कलकत्त्याचा मदरसा आणि संस्कृत कॉलेज बंद करावे, ही मेकॉलेची सूचना होती, पण मदरशासाठी मुसलमानांनी हजारो सह्यांचा अर्ज केला आणि दोन्ही संस्था टिकल्या. पुण्यात पेशवाईतल्या दक्षिणा निधीच्या पैशांतून १८२१ ला विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळाही या ठरावाने बंद पडली नाही; तिच्यातूनच पुढे पूना कॉलेज आणि मग डेक्कन कॉलेज घडले. शिवाय सात लाख बत्तीस हजार हा आकडा मोजला कोणी? देशव्यापी शिरगणतीच मुळी १८७२ पर्यंत झालेली नव्हती.

मोजदाद झाली ती मद्रास इलाख्यात, तिथला गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या आज्ञेवरून, १८२२ पासून पुढे. तिच्यात १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी नोंदले गेले. त्या गुरुकुले नव्हत्या. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळांसारख्या त्या गावशाळा होत्या, जिथे अक्षरओळख, हिशेब आणि पाठांतर होई आणि जिथे ब्राह्मणेतर मुलांची संख्याही बरीच होती. इंग्रजांपूर्वी इथे शिक्षणच नव्हते, असे म्हणणाऱ्यांना हे आकडे गप्प करतात. पण याच पाहणीत बल्लारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने १८२३ साली लिहिले आहे, की शाळा कमी होत चालल्या आहेत आणि त्याचे कारण लोकांना आलेले दारिद्र्य हे आहे; पूर्वीच्या राजवटीत विद्येसाठी जो पैसा मिळे तो आता मिळत नाही. म्हणजे मेकॉले कलकत्त्यात टिपण लिहायला बसला त्याच्या बारा वर्षे आधीच गावशाळांना घरघर लागली होती, आणि ती लागली कंपनीच्या सारावसुलीमुळे व आटलेल्या आश्रयामुळे. एका माणसाच्या एका भाषणाने हे झाले असे म्हटले, की कंपनीची अख्खी महसूलव्यवस्था आरोपीच्या पिंजऱ्यातून अलगद सुटते.

मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर इथली गोष्ट आणखी वेगळी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ हे वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ पासून मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत होते, म्हणजे मेकॉलेने हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याआधी इथल्या तरुणांनी इंग्रजी आपल्या कामाला लावली होती. पुढे १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरीने इंग्रजीचा आग्रह धरला तेव्हा त्याला तोंड दिले ते जगन्नाथ शंकरशेट यांनी, लोकांना त्यांच्याच भाषेत शिकवले पाहिजे, ही बाजू घेऊन. त्यांच्या जोडीला कर्नल जर्व्हिससारखा इंग्रज अधिकारीही होता, त्यामुळे ‘ते विरुद्ध आपण’ अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही.

काही जण म्हणतात, उतारा खोटा असेल, भावना तर खरी आहे. त्यांनी जोतीराव फुले यांचे १८८२ सालचे हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदन वाचावे. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या कष्टातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वर शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हे घडलेले नाही. तेव्हा किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी फुले यांनी तिथे केली. मेकॉलेच्या ‘दुभाषा वर्गा’वरचा हा थेट घाव आहे, आणि तो घालताना त्यांना मेकॉलेच्या तोंडी एकही खोटे वाक्य घालावे लागले नाही.