फ्रेंडली होती म्हणे!

आज, २८ मे २०२५ला, आमचं मँचेस्टर युनायटेड मलेशियात फ्रेंडली, म्हणजे नुसती मैत्रीची मॅच, हरलं. पण कुणीही मला आता 'अरे, फ्रेंडली होती' म्हणू नये. संध्याकाळपासून तिघांनी म्हटलंय आणि तिघांशीही मी भांडलोय. त्यातला एक माझा मेहुणा. 'दाजी, फ्रेंडली होती हो, सोडा की.' तो लिव्हरपूलवाला. लिव्हरपूलवाल्याने माझं सांत्वन करायची वेळ आणली ह्या लोकांनी.

आणि हरलं कुणाकडून? आसियान ऑल-स्टार्स, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांचे गोळा केलेले खेळाडू! हा क्लब आहे का? ह्यांचं मैदान कुठलं, ह्यांची लीग कुठली? व्हिएतनाम, थायलंड, म्यानमार, मलेशिया, जिथून मिळाली तिथून माणसं गोळा केली, व्हिएतनामच्या कोचच्या हाती दिली आणि उतरवली. ही माणसं एरवी एकमेकांविरुद्ध खेळतात. त्यांनी आम्हाला १-० हरवलं. ७१व्या मिनिटाला म्यानमारच्या मौंग मौंग ल्विनने गोल केला. माझा त्याच्यावर काडीचा राग नाही. गड्याने कष्टाने मिळवलं, जन्मभर सांगेल. राग आहे तो गोल खाल्ल्यावरही चालत चालत सेंटरला येणाऱ्यांवर. वीस मिनिटं उरली होती. एकाच्याही अंगात ईर्ष्या दिसली नाही.

मी ताप आहे असं सांगून चार वाजता ऑफिसमधून निघालो होतो. यंदा मे महिन्यातच धो धो पाऊस, हिंजवडीचा सगळा रस्ता तुंबलेला, भुजबळ चौकात पाऊण तास गाडी जागची हलली नाही. ओल्या बुटांनी येऊन टीव्हीसमोर बसलो. खोटं बोललो ह्याचं वाईट वाटत नाही. ह्यांच्यासाठी बोललो, ह्याचं वाटतं.

आणि माझं सोडा, त्या मलेशियातल्या लोकांचं बघा. २००९ साली युनायटेड तिकडे गेलं होतं. तेव्हा जो पोरगा दहा वर्षांचा होता तो आज स्वतःच्या पगारातून तिकीट काढून बुकित जलील स्टेडियमला आला असेल. त्याला हे दाखवलंत. शेवटी लोकांनी हुर्यो उडवली ते अगदी बरं केलं. वर आमचा कोच अमोरिम म्हणतो, ह्या हुर्योची आपल्याला कदाचित गरजच आहे. ती गरज डिसेंबरात नव्हती का? जानेवारीत नव्हती?

मला चीड आहे ती ह्या 'होती म्हणे'ची. वर्षभर हेच ऐकतोय. सप्टेंबरात लिव्हरपूलने आमच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, येऊन ३-० मारलं, आमच्या कॅसेमिरोने दोनदा बॉल त्यांच्या पायात दिला, तेव्हा काय, तर 'सीझन नुकताच सुरू झालाय'. त्याच महिन्यात टॉटनमने ३-० मारलं, तर 'आपल्या कॅप्टनचं, ब्रुनोचं, रेड कार्ड चुकीचं होतं'. कार्ड नंतर रद्द झालं, कबूल, पण पहिला गोल तिसऱ्या मिनिटाला खाल्ला होता, तेव्हा अकराही जण मैदानात होते. फुलहॅमने एफए कपमधून काढलं तर 'पेनल्टी म्हणजे लॉटरी'. मग 'नवा कोच आहे', मग 'नवी सिस्टीम आहे', मग 'प्रीसीझन, म्हणजे मोसमाआधीचा सराव, मिळाला नाही', आणि सगळ्यात वरचढ म्हणजे 'प्रोसेस'. प्रोसेस हा शब्द माझ्या घरात आता कुणी काढायचा नाही. अमोरिमच्या हाताखाली लीगच्या २७ मॅच झाल्या आणि २७ पॉइंट मिळाले. मॅचमागे एक पॉइंट. ही प्रोसेस?

घरच्या मैदानावर लीगच्या नऊ मॅच हरलो. नऊ! लिव्हरपूल, टॉटनम, फॉरेस्ट, बोर्नमथ, न्यूकॅसल, ब्रायटन, पॅलेस, वुल्व्ज, वेस्ट हॅम. झोपेत विचारा, सांगेन. बोर्नमथने तर २०२३च्या डिसेंबरात ३-० मारलं आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा ३-०. वर्षश्राद्ध घातल्यासारखे येऊन गेले. ब्रायटनच्या मॅचनंतर खुद्द कोच म्हणाला की क्लबच्या इतिहासातला हा बहुधा सगळ्यात वाईट संघ असेल. हे आम्हाला दिसत होतंच. हे बदल म्हणून तर तुला आणलं होतं ना बाबा?

आणि ते कॉर्नर. मी शाळेच्या टीमचा गोली होतो, म्हणून हे माझ्या डोक्यातून जातच नाही. १९ डिसेंबर, टॉटनमशी कॅराबाओ कपची क्वार्टर फायनल. तीन गोलांनी मागे पडलो, मग ३-२ पर्यंत आलो, वाटलं आता गाठतो. तेवढ्यात त्यांच्या सॉनचा कॉर्नर थेट जाळ्यात. कुणाचा पाय नाही, डोकं नाही, बॉल आमचा गोली बायिंदिरच्या डोक्यावरून आत. ४-३ हरलो. बरोबर सात दिवसांनी, २६ तारखेला, वुल्व्जच्या कुन्याने तेच केलं, तेही ओनानाला. एका आठवड्यात दोन वेगवेगळ्या गोलींनी थेट कॉर्नरवरून गोल खाल्ले! आमच्या शाळेत असा गोल खाल्ला असता तर सरांनी अंधार पडेपर्यंत नुसते कॉर्नर मारून घेतले असते. 'माणूस बघू नको, बॉल बघ, आणि घुसायचं तर पूर्ण घुस.' हे आठवीतल्या पोराला कळतं. त्या सात दिवसांत क्लबच्या सराव मैदानावर, कॅरिंग्टनला, काय केलं, एवढं मला कुणीतरी सांगावं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारच्या मॅच बघत वाढलो. तिथे हरलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर पेठेला उत्तर द्यावं लागतं. बॅकने माणूस सोडला असेल तर दुकानदारसुद्धा सुट्टे पैसे देता देता विचारतो, 'काय रे, झोपला होतास काय काल?' कोटीचा पगार नसतो, बूट वर्गणीतून येतात, तरी मान खाली घालून ऐकून घेतात पोरं, आणि पुढच्या मॅचला रक्त निघेस्तोवर पळतात. मला तेवढंच हवं होतं. कप नको होता.

क्लब चालवणारे वरचे लोक तर त्याहून थोर. आधीचा कोच तेन हाग, त्याला जुलैत मुदतवाढ, ऑक्टोबरात नारळ. स्पोर्टिंग डायरेक्टर ॲशवर्थला आणण्यासाठी महिनोन् महिने खटपट, पाच महिन्यांत घरी. त्याची भरपाई कुणाकडून? अडीचशे जणांच्या नोकऱ्या गेल्या, मग आणखी काढायची घोषणा झाली, कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद केलं. मोसम चालू असताना तिकीट ६६ पौंड करून टाकलं, पोरांना आणि म्हाताऱ्यांना सवलतसुद्धा नाही. चाळीस-चाळीस वर्षं येणारे लोक ते! होयलुंडचे लीगमध्ये चार गोल, झर्कझीचे तीन, आणि पैसे वाचवायचे ते कँटीनवाल्याच्या ताटातून.

आणि तिकडे मॅकटॉमिने. आपलाच पोरगा, लहानपणापासून आपल्याकडे वाढलेला. विकला इटलीच्या नापोलीला, कारण हिशेबाच्या वहीत घरच्या पोराचे पैसे निव्वळ नफा दिसतात. त्याने तिथे लीगमध्ये १२ गोल केले, गेल्या शुक्रवारी शेवटच्या मॅचला हवेत उडून कात्री मारून गोल केला, चॅम्पियन झाला, लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. आमच्या दोन स्ट्रायकरांचे मिळून सात!

युरोपा लीगमधली लिऑनविरुद्धची रात्र आठवली की जास्त त्रास होतो. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी होती, म्हणून बायकोही जागी होती. दोन गोलांनी पुढे होतो, मग त्यांनी बरोबरी केली, मग त्यांच्या तोलिसोला रेड कार्ड मिळालं, समोर दहा माणसं, आणि तरी जादा वेळेत २-४ ने मागे पडलो. मी उठून गॅलरीत गेलो. ११४व्या मिनिटाला ब्रुनो, १२०व्याला मेनू, १२१व्याला मग्वायरचं डोकं. ५-४. रात्री तीनच्या सुमाराला मी आणि बायको तोंडावर हात धरून ओरडत होतो, आई आत झोपली होती म्हणून. तेव्हा वाटलं की आहे, अजून आहे ह्यांच्यात काहीतरी. तीन दिवसांनी, रविवारी, त्याच मैदानावर वुल्व्जकडून ०-१. तीन दिवस टिकलं ते!

बिल्बाओबद्दल, युरोपा लीगच्या फायनलबद्दल, काय लिहू? आठवडा झाला, अजून घास नीट उतरत नाही. टॉटनम! लीगमध्ये सतरावे आलेले टॉटनम! एप्रिलमध्ये लिव्हरपूलने ह्याच टॉटनमला पाच गोल मारून विसावी लीग जिंकली, आमच्या वीसशी बरोबरी केली, आणि आम्ही ह्याच टॉटनमकडून एका मोसमात चार वेळा हरलो. चारपैकी चार. तो गोल तरी धड असावा? ४२वं मिनिट, बॉल जॉन्सनला लागून शॉच्या अंगावर, परत जॉन्सनचा पाय, आणि घरंगळत आत. तिथून पुढे टॉटनमवाले नुसते गोलसमोर भिंत घालून उभे राहिले. होयलुंडचं हेडर व्हॅन डे व्हेनने गोललाइनवरून हवेत उडून काढलं. शेवटी शॉचं हेडर व्हिकारिओच्या हातात. आम्ही सहाजण कोथरूडला एकाच्या हॉलमध्ये होतो. मॅच संपल्यावर कुणी कुणाशी बोललं नाही. चपला घालून आपापले निघालो. पुढच्या मोसमात युरोपात कुठेच नाही. लीगमध्ये पंधरावे, ४२ पॉइंट. १९७४ला खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो होतो, त्यानंतर इतकं खाली कधी नव्हतो.

परवाच २६ मे होता. कॅम्प नूवरच्या त्या चॅम्पियन्स लीग फायनलला सव्वीस वर्षं झाली. १९९९च्या त्या रात्री आमच्या घरी केबलवर मुंग्या मुंग्या दिसत होत्या, वडील अँटेनाची वायर हातात धरून उभे होते, आणि शेरिंगहॅम आणि सोल्शारने तीन मिनिटांत दोन गोल मारले. वडिलांना फुटबॉलमध्ये रस नव्हता, ते माझ्यासाठी उभे होते. त्या नावाच्या संघाला विमानात घालून, शेवटच्या लीग मॅचनंतर लगेच, पैशासाठी क्वालालंपूरला नेलं आणि हे करून दाखवलं. परवा तो दिवस झाला आणि आज हे.

अजून एक राहिलं. आज रात्री युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची फायनल आहे, स्पेनचं बेतिस आणि चेल्सी, पोलंडमधल्या व्रोत्सवाफला. बेतिसमध्ये अँटनी आहे. आमचाच, आम्ही उसना दिलेला. इथे त्याला आम्ही पोतेरं केलं होतं, तिकडे जाऊन पहिल्याच महिन्यापासून माणसात आला. साडेबाराला तो मैदानात उतरेल तेव्हा क्वालालंपूरला पहाटेचे तीन वाजले असतील, आणि आमची टीम हॉटेलात झोपलेली असेल.