खालनं कोन बघायलंय?

गेल्या मंगळवारी भरदुपारी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, गुळाची काहील उपडी घालून तिच्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं चारचौघांत माझा पार कचरा केला. मी काही विचारलेलं नसताना, आणि वर माझ्याच पैशाचा चहा पीत.

विषय होता क्वाड बाइकच्या (रानात फिरवायच्या चारचाकी फटफटीच्या) पोटाखाली लावायच्या पत्र्याचा. माझ्या मेहुण्याची रत्नागिरीजवळ सड्यावर कलमांची बाग आहे, बागेत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत, आणि पाहुण्यांना 'काहीतरी ॲक्टिव्हिटी' हवी म्हणून घेतलेली एक जुनी क्वाड आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो. हवा लागली की मात्र असा टणक होतो की विचारू नका. गाडीची मूळची प्लास्टिकची प्लेट त्यानं एका हंगामात खाल्ली. बोल्टांची डोकी घासून गुळगुळीत झाली, आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तेल साठवणाऱ्या तळाच्या, कोपऱ्यावर चांगली बोटभर लांब चीर उठली. पुढच्या दगडाला चेंबर फुटणार हे नक्की. मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, तुम्ही फौंड्र्यांच्या गावात राहता. तुम्हीच बघा." मी बँकेत कामाला आहे. पण फौंड्र्यांच्या गावात राहतो हे खरं. त्यानं गाडी छोट्या हत्तीत घालून आंबा घाटातून पाठवूनही दिली.

आता मी कुठलंही काम घेतलं की मुळापासून घेतो. बायको याला दुसरा शब्द वापरते. रात्री जागून मी सगळा अभ्यास केला. या गाडीला मागं सरळ ॲक्सल आहे, म्हणजे सगळ्यांत खाली लोंबतात ते मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) आणि ब्रेकची डिस्क. म्हणजे एक पत्रा चेंबरखाली, एक मागं स्प्रॉकेटखाली, आणि दोन पुढच्या ए-आर्मखाली, म्हणजे पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांखाली. धातू कुठला? ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. ५ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम साडेतेरा किलो. आणि यूएचएमडब्ल्यू नावाचं एक चिवट प्लास्टिक असतं, त्याची १२ मिलिमीटरची जाड पाटीसुद्धा सव्वाअकरा किलोच्या आसपास. हे प्लास्टिक दगडावरून घसरतं, अडकत नाही, पोचा पडला तरी बरंचसं मूळ जागी येतं. पण उन्हात फुगतं, म्हणून बोल्टाची भोकं लांबट ठेवावी लागतात, आणि १३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून सायलेन्सरपासून लांब ठेवावं लागतं. ॲल्युमिनियममध्येही ५०५२ नंबरचं घ्यायचं, कारण ते न चिरता वाकतं. ६०६१ टी६ जास्त मजबूत, पण बेंडिंगला घातलं की कोपऱ्यावर चिरायची भीती.

हे सगळं कागदावर लिहून, आकृती काढून, मी उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या दारात उभा राहिलो.

मिस्त्रींनी कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि म्हणाले, "ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम. त्याला कसला नंबर?"

इथवर ठीक होतं. कारागिराशी हुज्जत घालायची माझी तयारी होती. तेवढ्यात काहिलीवरून आवाज आला.

"पावणं, हे काय हाय?"

आबा. धोतर, पांढरी टोपी, खिशात चष्म्याचं घर. गुऱ्हाळाची काहील दुरुस्तीला आणलेली, तिचा तळ बदलायचा होता, आणि नंबर यायला वेळ होता. म्हणजे माणूस पूर्ण मोकळा.

"क्वाड बाइक," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"चार चाकांची मोटारसायकल."

"चार चाकं हाईत, तर स्टेरिंग का न्हाई?"

"हँडल असतं हिला."

"आन् छप्पर?"

"नाही."

"पाऊस आला तर?"

"भिजायचं."

आबांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. टायरला चप्पल लावून बघितली. "नंबरपाटी कुठाय?"

"आबा, हिला पासिंग नसतं. रस्त्यावर चालवायची नाही ही."

"म्हंजे पेट्रोल भराय बी टेम्पोतनं न्यायाची?"

पोरं हसली. मिस्त्री हसले. छोट्या हत्तीचा ड्रायव्हर, ज्याचं भाडं मी देत होतो, तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

खरं तर मी आबांना सांगू शकलो असतो की या जातीच्या गाड्या आधी तीनचाकी होत्या. होंडानं १९७० साली तीन चाकांची काढली, ती वळणावर उलटून माणसं इतकी जायबंदी झाली की १९८८ मध्ये अमेरिकेत तिची नवी विक्रीच बंद करावी लागली. दरम्यान १९८२ मध्ये सुझुकीनं चौथं चाक लावलं. म्हणजे या चौथ्या चाकामागं केवढा इतिहास आहे! पण तोंड उघडेपर्यंत आबा ॲल्युमिनियमच्या पत्र्यापाशी पोचले होते. त्यांनी त्यावर टिचकी मारली, कान लावला, आणि निकाल दिला, "ह्याची परात झ्याक हुईल."

मी म्हटलं, बरं, ॲल्युमिनियम राहू द्या. मग मी यूएचएमडब्ल्यूची बाजू मांडली. इथं मात्र माझी जीभ जरा घसरली. वजन पडावं म्हणून मी म्हणालो, "आबा, साधं प्लास्टिक नाही हे. माणसाचा गुडघा बदलतात ना, त्यात दोन धातूंच्या मध्ये हेच बसवतात."

आबा थबकले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"आमच्या मंडळींच्या गुडघ्यात घातलंय, ते?"

"बहुतेक तेच."

"दोन्ही गुडघं केल्यात. शेताचा तुकडा गेला माझा त्यापायी. आन् तुमी ते गाडीच्या खाली लावायलाय?"

"अहो, तेच म्हणजे तशाच जातीचं..."

"दगडावर घासाय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? वर्कशॉपमध्ये शांतता पसरली. ग्राइंडरवाल्या पोरानं ग्राइंडर बंद केला. मी कुणाच्या तरी आजीच्या गुडघ्यावरून क्वाड बाइक नेतोय, असं सगळे माझ्याकडे बघत होते. आबांनी पुढं घरी जिना चढताना मंडळींना काय त्रास होतो, खाली बसता येत नसल्यानं चुलीपाशी स्टूल कसं घेतलं, फिजिओथेरपीवाला पोरगा किती पैसे घेतो, हे सविस्तर सांगितलं. मिस्त्रींनी आपल्या सासूचा गुडघा काढला. ड्रायव्हरनं खुबा काढला. चहा आला. पैसे मी दिले.

गाडी अजून तशीच उभी होती. पोरांनी तिला मागच्या कॅरिअरवर ताठ केलं, तेव्हा तिचं पोट दिसलं. लाल माती थापून सिमेंटसारखी झालेली, सायलेन्सरच्या वळणात वाळलेल्या गवताचा बोळा अडकून बसलेला, त्याची एक बाजू करपून काळी. वैशाखात सड्यावरचं गवत असं वाळतं की ठिणगी पुरे. हा बोळा हल्ली माझ्या स्वप्नात येतो. म्हणून मला पत्र्याला मागच्या बाजूला गवत झाडायला खिडक्या हव्या होत्या, तेल सोडायच्या नटाखाली भोक हवं होतं, कडा वर वळवलेल्या हव्या होत्या आणि बोल्ट सीएसके, म्हणजे डोकी पत्र्यात बुडालेली. मी हे मिस्त्रींना खडूनं पत्र्यावर काढून दाखवलं. गुण्या लावून.

आबा वाकले. बघितलं. आणि तो प्रश्न विचारला, जो तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

"एवढं नटवाय, खालनं कोन बघायलंय?"

मी सांगतो, या एका प्रश्नानं आपल्याकडचं अर्धं काम बिघडलंय. पुलाचा गर्डर, नळाचा जोड, गटाराचं झाकण, आंब्याच्या पेटीतला खालचा थर. खालून कोण बघतंय? मी बघतोय ना! गिऱ्हाईक बघतोय. रात्री जागून, कागद घेऊन, पैसे खिशात घालून आलेला माणूस समोर उभा आहे, त्याला काय हवं ते तो शुद्ध मराठीत सांगतोय, आणि सगळं दुकान मान वळवून काहिलीवरच्या माणसाकडे बघतंय. आवाजात खात्री असली की झालं. मी कागद दाखवला ही माझ्याच विरुद्ध साक्ष ठरली. ज्याला येतं त्याला कागद कशाला लागतो?

आबांचा तोडगा तयार होता. त्यांच्या काहिलीचा जुना तळ निघणारच होता. जाड पत्रा, वर्षानुवर्षं चुलवाणावर तापून-निवून तयार झालेला, काठाला आपसूक गोलाई. "कढईला दगूड काय करतंय?" मिस्त्रींचे डोळे चमकले, कारण नवा पत्रा आणायचा त्रास वाचत होता. भंगाराचं वजन परस्पर मिटत होतं. मला सोडून सगळ्यांचं भलं होत होतं.

मी शेवटचा उपाय म्हणून मेहुण्याला फोन लावला. मालक तो. तो तरी माझ्या बाजूनं बोलेल. फोन स्पीकरवर टाकला आणि तिथंच घात झाला. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, "कोन, रत्नांग्रीचं पावणं का?" अशी सुरुवात केली आणि आंबा कसा पिकवावा, जांभ्यावर कलम कसं लागतं, रस्ता कुठं खराब आहे, या वळणांनी पत्र्यापाशी आले. पंधरा वर्षांचं नातं माझं. आबांची ओळख तेवढ्यातलीच. मेहुणा म्हणाला, "भावोजी, काका म्हणतात तसं करा. अनुभव आहे त्यांना."

अनुभव! कसला? गूळ शिजवायचा!

तर काहिलीचा तळ गॅसकटरनं कापला. सीएसके बोल्ट नव्हते, साधे षटकोनी लावले, म्हणजे जांभ्याला धरायला खुंट्याच. तेल सोडायच्या भोकाची खडूची खूण आबांच्या धोतरानं पुसली गेली आणि भोक बोटभर बाजूला पडलं. ते मी दाखवल्यावर मिस्त्री म्हणाले, "दुसरं भोक पाडायचे वेगळे होतील." आता दर वेळी तेल बदलायला अख्खा पत्रा उतरवावा लागणार. मागच्या खिडक्या मात्र मी भांडून पाडून घेतल्या. तेवढं एक जमलं. ए-आर्मचे गार्ड राहिले ते राहिलेच, कारण काहील संपली.

गाडी परत गेली. दोन दिवसांनी मेहुण्याचा फोन आला, तो खूश. पत्रा दणकट आहे, पाहुण्यांनी दगडावर आपटून बघितला, काही झालं नाही. (पाहुणे मुद्दाम आपटतात. त्यांना पैसे देऊन आपटायला मिळतं, ही ॲक्टिव्हिटी. एका माणसाच्या सीटवर तिघं बसतात, हेल्मेट व्हिडिओपुरतं घालतात, आणि परवा एकानं विचारलं म्हणे, कातळशिल्पांवरून नेता येईल का. कोकणातली ती शिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि याला त्यावरून गाडी न्यायची आहे. मेहुण्यानं नाही म्हटलं. माझ्या मते त्याला त्याच क्षणी सड्यावरून घरापर्यंत चालत पाठवायला हवं होतं.)

एकच अडचण आहे, मेहुणा म्हणाला. इंजिन तापलं की पत्रा तापतो, आणि पत्र्याच्या जोडात मुरलेल्या कुठल्या कुठल्या वर्षीच्या काकवीचा घमघमाट सुटतो. पाहुण्यांना तो फार आवडतो. 'ऑथेंटिक' वाटतो. मुंग्यांनाही आवडतो. रात्री शेडपासून विहिरीपर्यंत रांग लागते, सकाळी गाडी सुरू केली की सीटवर चढतात, आणि चावतात त्या तांबड्या. एका बाईंनी अभिप्रायात एक तारा कमी दिला, तो मेहुण्यानं माझ्या नावावर मांडलाय. गाडी मी करून पाठवली ना.

आबांकडे माझा नंबर आहे. मेहुण्यानंच दिला. रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र येतं, खाली 'शुभ सकाळ'. काल चित्राबरोबर निरोपही आला की पुढच्या रविवारी मंडळी, दोन्ही लेकी आणि नातवंडं घेऊन गाडी बघायला रत्नागिरीला निघतोय, गुडघ्याचं बघून जमेल तसं. मेहुण्यानं त्यांना राहणं-जेवण सगळं फुकट सांगितलंय. छोट्या हत्तीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि मिस्त्रीचं बिल मात्र अजून माझ्याच खिशातून गेलेलं आहे, आणि ते मागितलं की बायको म्हणते, "भावाकडे कसले पैसे मागता?"