‘रूम टेम्परेचर’ म्हणजे कोणाची रूम?

भर मे महिन्यात, दुपारी, पत्र्याच्या शेडखाली इपॉक्सी रेझिनच्या ठोकळ्यात ओतलेली कुणाच्या तरी लग्नाची वरमाला गेल्या आठवड्यात ‘दुरुस्ती’साठी आली. (इपॉक्सी रेझिन म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा द्रव कालवला की काचेसारखा घट्ट होणारा पारदर्शक द्रव, त्यात फुलं जपून ठेवतात.) गुलाब उकळलेल्या चहापत्तीच्या रंगाचे, ठोकळ्याच्या मधोमध उभी चीर, कडेला वाळलेला फेस. सोबत एकच प्रश्न : “थोडं पॉलिश मारलं की होईल ना?” होईल की! पॉलिश मारलं तर भरताचं वांगंही चकाकतं.

तर ज्यांना असाच ठोकळा घरच्या घरी बनवायचा आहे, त्यांच्यासाठी खात्रीची कृती देतो.

सर्वांत आधी, थर्मामीटर घेऊ नका. रेझिनवर पाच हजार घालवणाऱ्या माणसाला तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या चार-पाचशेच्या डबीवर पैसे उधळणं शोभत नाही. बाटलीवर ‘रूम टेम्परेचरला वापरा’ असं छापलेलंच आहे. तुमच्याकडे रूम आहे, तिला टेम्परेचरही आहे, विषय संपला. छापणाऱ्याच्या मनात २२ ते २५ अंश होते, ते त्याचं त्याने बघावं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, निफाडला थंडीच्या पहाटे तो ५ अंशांच्या आसपास घुटमळतो, रत्नागिरीत जुलैमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तिन्हीकडे रूमच आहेत.

‘पॉट लाइफ ४० मिनिटं’, म्हणजे कालवलेलं मिश्रण ओतण्याजोगं राहण्याचा वेळ, हे ब्रह्मवाक्य समजा. तो आकडा साधारण १०० ग्रॅम मिश्रणाचा आणि २५ अंशांचा असतो, पण एवढं बारीक कोण वाचतं? दर १० अंशांना हा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो : ३५ ला वीस मिनिटं, ४५ ला दहा. एकदम किलोभर कालवलंत तर त्याहूनही कमी. तेव्हा निवांत बादलीभर मिश्रण करा आणि मग फुलं कशी मांडायची यावर घरात चर्चा घ्या. सासूबाईंचंही मत विचारा.

जाडीचा विचार करू नका. मोल्ड, म्हणजे साचा, दोन इंच खोल आहे ना, मग दोन इंच एका दमात भरा. थर कसले देत बसता, गोव्याची बिबिंका करायची आहे का? आता हिशेब बघा. बारा इंच बाय बारा इंचाचा, दोन इंच जाडीचा चौकोन म्हणजे ३० गुणिले ३० गुणिले ५, साडेचार लिटर. रेझिनची घनता साधारण १.१, म्हणजे जवळपास पाच किलो माल. आणि हातात असतं आर्ट रेझिन, पातळ कोटिंगचं, ज्याच्या डब्यावर एका वेळी ३ ते ६ मिलिमीटर असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सहा मिलिमीटरचा एक थर म्हणजे या मोल्डमध्ये जेमतेम ६०० ग्रॅम. तुम्ही ओतता आठपट! रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते. त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी वेगाने होते, मग आणखी उष्णता. पातळ थर असेल तर ती वरून, खालून निघून जाते. जाड ठोकळ्यात ती मध्ये कोंडते, कारण रेझिन स्वतः उष्णतेचं वाईट वाहक आणि भोवतीचा सिलिकॉन मोल्ड म्हणजे गोधडी. पोटात तापमान शंभराच्या पार जातं. फुलात राहिलेला ओलावा तिथे उकळतो, त्याचा फेस होतो. गुलाबाची पाकळी शिजते. मग बाहेरची बाजू आधी थंड होते, आतला गाभा नंतर आकसतो, आणि टर्रकन चीर जाते. एवढं होऊनही निष्कर्ष काय निघतो? ‘रेझिन डुप्लिकेट होतं.’ आणि जाड ओतायचं कास्टिंग रेझिन वेगळं मिळतं, संथ हार्डनरचं, डब्यावर २५ किंवा ५० मिलिमीटर अशी मर्यादा छापलेलं, हे सांगायला गेलं की उत्तर येतं : “ते तीन दिवस घेतं हो, ऑर्डर परवाची आहे.” परवाची ऑर्डर परवा द्यायची असेल तर फोटो लॅमिनेट करून द्या! बरं, संथ रेझिन घेतलं तरी ४० अंशांच्या खोलीत त्याची ५० मिलिमीटरची मर्यादा ५० राहत नाही. तिथेही थर निम्मा करावा लागतो, दोन थरांत तास मोजावे लागतात. खालचा थर बोटाला चिकटतोय पण बोटावर येत नाही, त्या वेळी दुसरा ओतायचा. ती वेळ हुकली तर पूर्ण वाळू द्यायचा, २२० नंबरच्या सँडपेपरने घासायचा, पुसायचा आणि मग पुढे जायचं. पण घासायला वेळ कुठे, रील टाकायची असते ना.

असो. हिवाळ्याकडे वळू.

थंडीत रेझिन काकवीसारखं घट्ट होतं. ते तसंच जोरजोरात फेटा, हजारो बारीक बुडबुडे आत जातील आणि ठोकळा दाणेदार दिसेल. त्याला ‘फ्रॉस्टेड इफेक्ट’ म्हणून विकता येतं. बाटलीतलं रेझिन रवाळ तुपासारखं पांढरं कणीदार झालं असेल तरी वापरा. (बाटली ५०-६० अंशांच्या पाण्यात ठेवून कणी विरघळवायची, पूर्ण पारदर्शक झालं की पुन्हा २५ वर येऊ द्यायचं, असं काही लोक करतात. रिकामटेकडे असतात.) नुसतं घट्ट झालेलं असेल तर झाकण लावून ३५-४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मात्र बाहेर काढल्यावर बाटली पुसू नका, बुडाचं पाणी थेट मोल्डमध्ये पडू द्या.

लवकर वाळावं म्हणून हार्डनर थोडा जास्त घाला. हा सल्ला दर डिसेंबरात कुठून तरी उगवतो. चुन्यासारखी चिमूट वाढवून रंग चढायला हे काही पान नाही. इपॉक्सीत हार्डनर हा भागीदार असतो. रेझिनच्या प्रमाणात जेवढा लागतो तेवढाच जोडला जातो, उरलेला तसाच मोकळा राहतो आणि ठोकळा जन्मभर चिकट. १०० ग्रॅमला ५० सांगितलं असेल तर ५०, पुण्यातही आणि परभणीतही.

बुडबुडे फोडायची हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र, एकाच जागी धरा. वर खड्डा पडला की त्याला ‘ओशन वेव्ह’ म्हणा.

सागवानाच्या फळीवर रेझिन ओतायचं असेल तर ती सकाळी उन्हात, गच्चीवर घ्या. फळी तापत जाईल, तिच्या छिद्रांतली हवा फुगून दिवसभर बुडबुडे वर सोडत राहील आणि तुम्हाला छंद मिळेल. (संध्याकाळी, फळी थंड होत असताना, आधी छिद्रं बुजवणारा पातळ सील कोट मारला तर लाकूड हवा सोडण्याऐवजी रेझिन आत ओढतं. पण मग मजा काय?)

विदर्भातल्या मंडळींनी कूलर चालू ठेवावा. खोली गार झाल्यासारखी वाटते आणि हवेत पाणी मुरतं. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पकडून वर तेलकट, मेणचट साय आणतो. त्या सायीवर पुढचा थर ओतावा, म्हणजे तो पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. कोमट साबणाच्या पाण्याने ती आधी धुऊन मगच घासायची असते हे कोणालाही सांगू नका. कोकणात कूलर लागत नाही, ही सोय पावसाळा फुकट करतो.

आणि उरलेलं मिश्रण कपातच ठेवा. पेलाभर रेझिन उभट प्लॅस्टिकच्या कपात, शक्यतो पडद्याजवळ.

नाही, इथे थांबतो. हे आता गमतीचं राहिलेलं नाही. त्या कपातून धूर येतो, कप वितळतो, आणि तुम्ही त्यावर वाकून बघता! स्वयंपाकघरात, खिडकी बंद, कारण धूळ बसेल. शेजारच्या खोलीत मूल झोपलेलं. तो धूर फुफ्फुसात जातो. कप हाताला गरम लागला की त्याच क्षणी तो बाहेर न्या. हातमोजा घाला, पसरट ट्रेमध्ये किंवा वाळूवर पातळ ओतून टाका, त्यावर झाकण ठेवू नका, त्यात पाणी ओतू नका. आणि दुरून बघा. एवढं करता येत नसेल तर हा छंद सोडा, रांगोळी काढा.

अहो, आदल्या दिवशी रेझिन, हार्डनर, मोल्ड आणि फुलं एकाच खोलीत ठेवायची, एसी २४ वर लावायचा, एसी नसेल तर विदर्भात मे महिन्याची ऑर्डर घ्यायचीच नाही. पैसे घेताना लाज वाटत नाही तर ‘पावसाळ्यानंतर या’ म्हणताना कसली वाटते? फुलं सिलिका जेलमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत, आठ-दहा दिवस कोरडी होऊ द्यायची. ओतण्याआधी थर्मामीटरकडे बघायचं. एकदा. एका नजरेचं काम आहे ते! आणि ओतल्यावर ७२ तास हात लावायचा नाही, आठवडाभर त्यावर गरम चहाचा कप ठेवायचा नाही. पूर्ण वाळल्यावरही ५०-६० अंशांना बहुतेक घरगुती रेझिन मऊ पडतं, कपाची गोल खूण राहते.

लोक तुमच्याकडे लग्नातली वरमाला देतात. ती बिघडली तर दुसरी आणायला त्यांनी पुन्हा बोहल्यावर चढायचं का?

आणि तो तपकिरी ठोकळा वितळवून पुन्हा ओतून द्या म्हणून परत आणू नका. इपॉक्सी म्हणजे मेणबत्ती नव्हे. एकदा जमलं की ते वितळत नाही, फक्त जळतं, आणि तुमचं तर अर्धं जळून झालेलं आहे.