लेबर सत्तेत आलं तरी पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नोकरी मिळत नाही

म्हापशाहून माझ्या मावसबहिणीने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "खरं ना हे? एजंट अर्धे पैसे आत्ताच मागतोय." तिच्या मुलाचं हॉटेल मॅनेजमेंट झालंय. हाच मेसेज मला आणखी दोघांकडून आला, म्हणजे गोव्यातल्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर तो पोचला असेल कोण जाणे. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: ब्रिटनचा लेबर पक्ष पहिल्यापासून ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडण्याच्या, विरोधात होता. ब्रिटिश जनतेला पश्चात्ताप झाला आणि २०२४ मध्ये तिने ब्रेक्झिट मागे घ्यायला लेबरला प्रचंड बहुमत दिलं. मे २०२५ मध्ये युरोपशी करारही झाला, जुने हक्क परत येतायत. तेव्हा ज्यांचे आजी-आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले त्यांनी लगेच पोर्तुगीज पासपोर्ट काढा आणि थेट ब्रिटनमध्ये कामाला लागा.

मी इंग्लंडमध्ये स्विंडनजवळ राहते. शेजारीपाजारी सासष्टी-बार्देशचे कितीतरी लोक आहेत. त्यामुळे हा मेसेज वाचून माझा संताप झाला. सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे, आधी तेच घेते.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, हे खरं. त्या पासपोर्टवर एके काळी ब्रिटनमध्ये उतरून दुसऱ्या दिवशी कामाला जाता येत होतं, हेही खरं. स्विंडन, साउथॉल, हाउन्स्लो, लेस्टर इथली गोंयकारांची वस्ती अशीच वाढली. पण तो हक्क होता युरोपियन युनियनचा. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युनियनमधून बाहेर पडला, संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० ला संपला. तोवर जे इथे राहत होते त्यांना ३० जून २०२१ पर्यंत सेटलमेंट स्कीममध्ये, म्हणजे आधीपासून राहणाऱ्या युरोपियनांना इथेच राहू देणाऱ्या योजनेत, अर्ज करायचा होता. आज नवा पासपोर्ट घेऊन येणारा पोर्तुगीज नागरिक आणि पुण्याहून येणारा भारतीय नागरिक, नोकरीच्या व्हिसासाठी दोघे एकाच रांगेत. स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे आणि काम साधारण पदवीच्या दर्जाचं लागतं. हॉटेलच्या किचनमध्ये किंवा गोदामात लागणाऱ्या नवख्या पोराने ती मर्यादा कशी गाठायची?

एजंट लोकांना काय दाखवतो, तर "पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला व्हिसा लागत नाही." फिरायला लागत नाही, बरोबर. ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची पूर्वपरवानगी, काढून सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. कामाचा हक्क त्यात शून्य.

कामगार पुरवणाऱ्या इथल्या एका एजन्सीच्या काउंटरवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. माझ्यापुढे मडगावकडचा एक मुलगा होता. नवाकोरा तांबडा पासपोर्ट त्याने पुढे सरकवला. काउंटरवरच्या बाईंनी तो उघडलासुद्धा नाही, "शेअर कोड?" एवढंच विचारलं. त्या स्कीममधून कायम (सेटल्ड) किंवा ठरावीक मुदतीचं (प्री-सेटल्ड) स्टेटस मिळालेल्याला सरकारी संकेतस्थळावर लॉगिन केलं की नऊ अक्षर-अंकांचा हा कोड मिळतो. मालक तो कोड आणि जन्मतारीख टाकतो, पडद्यावर माणसाचा फोटो आणि त्याचा कामाचा हक्क दिसतो. या मुलाला शेअर कोड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा पासपोर्टच दाखवत राहिला. १ जुलै २०२१ पासून नुसता युरोपियन पासपोर्ट हा कामाच्या हक्काचा पुरावा राहिलेला नाही, आणि हक्क नसलेला कामगार ठेवला तर मालकाला माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होतो, पुन्हा सापडला तर ६०,००० पर्यंत. एवढी जोखीम कोण घेईल? बाईंनी पासपोर्ट परत दिला आणि मला पुढे बोलावलं.

आता भारताची बाजू, जी मेसेजमध्ये अवाक्षरानेही नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्ट सरेंडर करायचा, मतदानाचा हक्क गेला, सरकारी नोकरीचा विचार सोडायचा. नंतर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळालं तरी त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. पोर्तुगालला किंवा जर्मनीला जाऊन राहायचं असेल तर हा पासपोर्ट कामाचा आहे, ते मी नाकारत नाही. तिथली भाषा शिकून जाणार असाल तर जरूर विचार करा. पण ब्रिटनच्या नोकरीसाठी तो काढाल, तर तेवीस-चोवीस वर्षांचं पोर म्हापशात परकं होईल आणि स्विंडनमध्येही परकंच राहील.

मेसेजमधला राजकारणाचा भागही असाच आहे.

लेबर "पहिल्यापासून विरोधात" नव्हता. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतावेळचे पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी, युरोपात राहायचं का यावरच्या १९७५ च्या सार्वमतात स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. २०१६ मध्ये ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागल्यावर, बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करणाऱ्या विधेयकाला पाठिंबा द्या असा कडक व्हिप लेबरने काढला. १ फेब्रुवारी २०१७ ला ते ४९८ विरुद्ध ११४ मतांनी पुढे गेलं आणि लेबरच्या ४७ खासदारांना तेव्हा पक्षाविरुद्ध बंड करावं लागलं. तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार लेबरने तीनदा पाडला, हे मान्य. पण जानेवारी २०१९ मध्ये तो ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला तेव्हा मे यांच्या स्वतःच्या पक्षाचे ११८ खासदारही विरोधात गेले होते. २०१९ च्या निवडणुकीत लेबरने दुसऱ्या सार्वमताचं वचन दिलं होतं, मेसेजमधला एवढा भाग खरा. त्याचं फळ काय मिळालं? २०२ जागा. बोल्सोव्हरमधून १९७० पासून निवडून येणारे डेनिस स्किनरसुद्धा पडले. पक्षाचे बहुतेक मतदार युरोपात राहण्याच्या बाजूचे, पण पक्षाकडच्या निम्म्याहून जास्त मतदारसंघांत कौल बाहेर पडण्याचा. या कात्रीत लेबर सापडला तो आजवर सुटलेला नाही. कियर स्टार्मर नेते झाले आणि ३० डिसेंबर २०२० ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या युरोपशी झालेल्या व्यापार कराराच्या बाजूने त्यांनी पक्षाला मतदान करायला लावलं. दुसऱ्या सार्वमतासाठी पक्षात सर्वांत पुढे असलेला हाच माणूस.

"२०२४ चं बहुमत ब्रेक्झिट मागे घेण्यासाठी" हे तर धादांत खोटं आहे. लेबरला ४११ जागा मिळाल्या, पण मतं ३३.७ टक्के. आणि त्या निवडणुकीच्या जाहीरनाम्यात सरळ लिहिलंय की युरोपची एकल बाजारपेठ, कस्टम्स युनियन आणि मुक्त संचार (युनियनमध्ये कुठेही राहून काम करायचा हक्क), यांतल्या कशातही परत जाणं होणार नाही. मेसेज रचणाऱ्याने हे एक वाक्य वाचलं असतं तर पुढचं सगळं लिहायची गरजच पडली नसती. गोव्याच्या माणसाला जो हक्क हवाय तो मुक्त संचाराचा, आणि नेमका तोच नाकारून हा पक्ष निवडून आला आहे.

जनमताचा मुद्दा मात्र पोकळ नाही. यूगव्ह या जनमत चाचणी संस्थेच्या जानेवारी २०२५ च्या पाहणीत ५५ टक्के लोक म्हणाले की बाहेर पडणं चुकलं. बरोबर म्हणणारे उरले ३० टक्के. ब्रेक्झिट यशापेक्षा अपयश जास्त, असं ६२ टक्क्यांना वाटतं. ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील, असा इथल्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा (ओबीआर) अंदाज आहे. लोकांना झळ लागली आहे, यात शंका नाही. पण "चुकलं" म्हणणारा प्रत्येक जण युरोपातल्या कामगारांसाठी सीमा पुन्हा मोकळी करायला तयार आहे असं नाही. उलट ब्रेक्झिटनंतरच निव्वळ स्थलांतर विक्रमी झालं, जून २०२३ पर्यंतच्या वर्षात ९ लाखांच्या वर, आणि तेव्हापासून राजकारण स्थलांतराभोवतीच फिरतंय. स्थलांतराला कडाडून विरोध करणाऱ्या नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला २०२४ मध्ये जागा मिळाल्या फक्त ५, पण ९८ ठिकाणी तो दुसरा आला आणि त्यातल्या ८९ ठिकाणी त्याच्यापुढे लेबर होता. मे २०२५ मध्ये त्याने रनकॉर्नची पोटनिवडणूक ६ मतांनी जिंकली आणि इंग्लंडमधल्या १० कौन्सिल घेतल्या. ज्या लेबर खासदाराच्या पाठीवर रिफॉर्मचा उमेदवार बसलाय तो मुक्त संचाराचं नाव काढेल का? लिबरल डेमोक्रॅट्स कस्टम्स युनियन मागतात, पण त्यांच्याकडे ७२ जागा आहेत, आणि कस्टम्स युनियन हा मालाचा विषय आहे, माणसांचा नाही.

मे २०२५ च्या करारात मासेमारी, अन्नपदार्थांची तपासणी, संरक्षण असे विषय आहेत. तरुणांसाठी मर्यादित संख्येची, मर्यादित मुदतीची योजना आखण्यावर बोलणी करायची, एवढंच त्यात ठरलं. युनियनचे जुने हक्क परत देणारं एकही कलम नाही.

बहिणीने पुढे विचारलं की मुलाच्या काकाचं स्विंडनमध्ये सेटल्ड स्टेटस आहे, त्यावर याला येता येईल का. सेटल्ड स्टेटसवर मागाहून येऊ शकतात ते नवरा-बायको, मुलं-नातवंडं, अवलंबून असलेले आई-वडील, आजी-आजोबा, तेही नातं २०२० संपण्याआधीचं असेल तर, त्यानंतर जन्मलेली मुलं सोडून. पुतण्या त्यात बसत नाही. एजंटाला अजून एक रुपयाही दिला नसेल तर देऊ नका, आणि दिला असेल तर ब्रिटनमधल्या नोकरीची हमी तो पावतीवर लिहून देतो का, ते आधी विचारा.