गाडीला पाय मोकळे करायला नेलं त्याची गोष्ट

काल रात्री साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या टपरीवर सुन्या तोंड पाडून आला. डिझेल गाडी आहे त्याची, तीन वर्षं झाली, आणि दोन दिवस डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागलाय. सर्व्हिसवाले म्हणे, काही करू नका, हायवेला पळवून आणा. हे ऐकून पक्या (गॅरेजवाला) असला हसला की चहा सांडला. "म्हणजे कुत्रं फिरवतात तशी फिरवायची होय रे?" झालं, तिथनं जे पेटलं ते साडेदहापर्यंत.

पक्याची टेप ठरलेली. मारुती आठशेसारखी गाडी परत होणे नाही. "796 सीसी, तीन सिलिंडर, बॉनेट उघडलं की इंजिनच्या बाजूने खालचा रस्ता दिसायचा. दहा, बारा, चौदा, सतराचे पाने आणि एक प्लग पाना, एवढ्यात मालक स्वतः निम्मी गाडी खोलायचा. आता बॉनेट उघडा, वर काळं प्लॅस्टिकचं झाकण. हेडलाइट गेला तर बल्ब नाही, एलईडीचं अख्खं युनिट बदला. चावी हरवली तर किल्लीवाला काय करणार, त्यात चिप, ती गाडीला ओळख करून द्यायला लॅपटॉप पाहिजे."

लाइट आणि चावीचं पटलं मला, तिथे लूटच आहे. पण माझी गेल्या पावसाळ्यातली गंमत सांगितली. माझ्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला, एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) बदलायचा आकडा लिहून हातात दिला. मी घरी आलो, हजारेक रुपयांचा तो ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर होता, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा, स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावला, मोबाईलवर कोड आला पी-0113, म्हणजे इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं. टॉर्च मारून बघतोय तर सेन्सरच्या जरा अलीकडे वायर उंदराने कुरतडलेली, तांब्याच्या दोन तारा नुसत्या लोंबतायत आणि बॅटरीच्या ट्रेवर लेंड्या. वायर सोलली, पिळली, टेप मारली, कोड डिलीट. खर्च टेपचा.

"नशीब म्हण, उंदीर होता," पक्या म्हणाला. "सेन्सर आतनं गेला असता तर?"

तर काय, मी तो सेन्सर आणून लावला असता. कुठला गेलाय ते कळलं होतं ना.

मला वाटलं अण्णा पक्याची बाजू घेणार. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात गेलेला माणूस, त्यांना काय सेन्सर न् बिन्सर. पण अण्णा बिडी विझवत म्हणाले, "सोपं होतं म्हणता ते कुणाला रे? माझी पहिली गाडी पेट्रोलची. दर रविवारी हात काळे. प्लगला ठिणगी देणारे सीबी पॉइंट काळे पडायचे, पॉलिश पेपरने घासा, ब्लेडची पाती घालून गॅप बसवा. थंडीत चोक ओढून सुरू करा, जास्त ओढला की प्लग ओले, मग ते काढून पुसा. खंबाटकी चढताना पेट्रोलची लाईनमध्येच वाफ व्हायची, एसी पंप ओढायचा नाही." (सुन्याला वाटलं एसी म्हणजे गार हवा. पेट्रोल ओढणारा पंप रे तो, मेकॅनिक लोक त्यालाच एसी पंप म्हणतात.) "मग पोरं रडतायत, बायको बोलतेय, आणि मी पंपावर ओलं फडकं टाकून उभा. दुरुस्त करता येत होती हे खरं, पण करायला लागायची म्हणून येत होती ना!"

पक्या गप्प. म्हणजे अर्धा मिनिट. मग म्हणाला, मधल्या काळातल्या गाड्या बेस्ट, साधारण 2005 ते 2012 च्या पेट्रोल. कार्बोरेटरची कटकट गेलेली आणि कॉम्प्युटरची अजून आलेली नव्हती फारशी. यावर कुणीच भांडलं नाही, कट्ट्यावर असं वर्षातनं एकदा होतं.

पण सुन्याच्या दिव्याचं काय? प्रदूषणाचा बीएस-सिक्स नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल 2020 पासून, डिझेल गाड्यांना ही भानगड लागलीच. सायलेन्सरच्या लाईनीत फिल्टर असतो, काजळी त्यात साठते, आणि ती जळायला सहाशे डिग्रीच्या आसपास तापायला लागतं. सुन्याचं ऑफिस घरापासून चार किलोमीटर. गाडी तापायच्या आत पार्किंगमध्ये. फिल्टर तापवायला जास्तीचं डिझेल मारलं जातं, काजळी जाळायचं काम मध्येच तुटलं की त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. "मग तू डिझेल घेतलीस कशाला?" अण्णांनी विचारलं. सुन्या म्हणाला, मेव्हण्याने सांगितलं मायलेज चांगलंय.

शेवटी चौघे बसलो त्याच गाडीत. शेंद्र्याच्या पुढे ऐंशीचा स्पीड धरला, एक गिअर खालचा, पक्या मागे बसून "बरं का, माझ्या आठशेला असलं लागत नव्हतं" चालूच. नागठाणं गेलं, दिवा तसाच. अतीतच्या जरा पुढे विझला. अण्णा म्हणाले, आलोच आहोत तर उंब्रजला जेवूनच जाऊ, बिल सुन्याच्या फिल्टरच्या खात्यात.