गुडघ्यातलं वंगण जपून ठेवायचं नसतं

यंदा आमची आत्ती सौंदत्तीला गेली नाही. खानापूर तालुक्यातल्या तिच्या गावातून दरवर्षी बायका मिळून यल्लम्माच्या डोंगराला जातात आणि वयाच्या ६१ व्या वर्षापर्यंत तिने ती वारी चुकवली नव्हती. गुडघे दुखतात म्हणून ती राहिली असती तर समजलं असतं. तिचे गुडघे दुखत नव्हते, पुढे दुखू नयेत म्हणून ती राहिली. कारण विचारलं तर मोबाईल पुढे केला, “हे बघ की गं, काय आलंय.” शेजारणीकडे तोच निरोप कन्नडमध्ये आला होता.

निरोप थोडक्यात असा: ‘गुडघ्यातलं वंगण ठरावीकच असतं, जेवढं चालाल तेवढं संपतं. चाळिशीनंतर कट्कट् आवाज आला की समजा वंगण संपलं. जिना चढू नका, उठाबशा काढू नका, पायांना आराम द्या. बाभळीच्या शेंगांची पूड आणि भेंडीचं पाणी घ्या, वंगण परत भरतं.’

मी बेळगावात फिजिओथेरपीचं काम करते. असलं काही वाचून घरात बसलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या मांड्या त्या बसण्यानेच खंगलेल्या असतात. म्हणून या निरोपातलं एकेक वाक्य घेते.

‘वंगण ठरावीकच असतं.’ साफ खोटं. आत्तीला पटावं म्हणून मी एका रविवारी मटणवाल्याला बकऱ्याचा गुडघा न तोडता अख्खा द्यायला सांगितलं आणि घरी विळीवर सांध्याची पिशवी कापली. आत हाडांची टोकं ओल्या शहाळ्यातल्या मलईसारखी पांढरी, गुळगुळीत. त्यावर बोट फिरवून अंगठ्याला लावलं आणि बोटं लांब केली, तर मध्ये अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली. हेच ते वंगण. माणसाच्या धडधाकट गुडघ्यातही ते चमचाभर नसतं, ४ मिलिलिटरच्या आतच. पण ते कुणी जन्माच्या वेळी ओतून ठेवलेलं नसतं. सांध्याच्या पिशवीचं आतलं अस्तर रक्तातलं पाणी गाळून घेतं, त्यात चिकट द्रव्य मिसळतं, आणि जुनं शोषलं जातं तसं नवं येत राहतं. झऱ्याच्या विहिरीसारखं.

आणि गंमत बघा, सांधा खरोखर बिघडतो तेव्हा बहुतेकदा हे पाणी वाढतं. गुडघा सुजतो, ‘पाणी झालंय’ म्हणतात, कधी डॉक्टर ते सुईने काढतात. त्या पाण्याचा चिकटपणा उतरलेला असतो, ही खरी अडचण. आटणं ही नव्हे.

आता ती पांढरी मलई. आपण तिला गादी म्हणतो, पुस्तकात कुर्चा. तिच्यात रक्तवाहिनी नाही. मग ती जगते कशावर? वजनाखाली दाबली जाते तेव्हा तिच्यातलं पाणी बाहेर येतं, वजन उचललं की वंगणासकट पोषण आत शिरतं. पाऊल टेकलं, उचललं, टेकलं, उचललं. चालणं हे गादीचं जेवण आहे. पाठीच्या कण्याला मार बसून पाय लुळे पडलेल्या माणसांत ही गादी पातळ होत जाते, वापर नसताना. निरोपाचं म्हणणं खरं असतं तर त्यांच्या गुडघ्यात वंगण आणि गादी सगळ्यांत शिल्लक राहायला हवी होती.

‘आवाज आला की वंगण संपलं.’ बोटं मोडताना येतो तो आवाज सांध्यातला दाब एकदम कमी झाल्यावर वंगणातल्या वायूच्या पोकळीचा असतो. गुडघ्यात कधी वाटी सरकताना, कधी एखादी शीर हाडावरून घसरताना आवाज होतो. दुखत नसेल, सूज नसेल तर सोडून द्यावा. आवाजासोबत कळ येत असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा अचानक लचकून माणूस कोसळत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. शेंगा आणायला नव्हे.

‘जिना नको, उठाबशा नकोत, आराम करा.’ सगळ्यांत घातक वाक्य हे. गुडघा म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन हाडं एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे असतं. पण हाड स्वतः हलत नाही. त्याला ओढतो तो स्नायू, आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून पाय सरळ करायला मांडीच्या पुढचे स्नायू आणि दुमडायला मागचे, अशी जोडी लागते. पुढचा स्नायू शिरेसारख्या घट्ट कंडरेने वाटीला धरतो आणि वाटीखालून नडगीच्या हाडाला. वाटी त्या ओढीला सांध्यापासून जरा पुढे धरते. रहाटाच्या चाकासारखी ती मध्ये नसती, तर तेवढाच पाय सरळ करायला बराच जास्त जोर लागला असता.

चालताना या स्नायूचं दुसरं काम असतं, ते कुणाला दिसत नाही. टाच जमिनीवर पडते त्या क्षणी गुडघा किंचित दुमडतो, आणि मांडीचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक लावतो. सपाट रस्त्यावरसुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, त्यातला धक्का हा स्नायू झेलतो. तो अशक्त झाला की धक्का गादीवर जातो. आणि आरामाने अशक्त व्हायला वेळ लागत नाही. साठीपुढच्या धडधाकट माणसांना प्रयोगासाठी १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळपास १ किलो मांस गेलं. दहा दिवसांत!

हाडाचंही तेच. ज्युलियस वुल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलं, की हाड पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवत असतं. अंतराळात वजनच नसतं, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते दीड टक्का विरळ होतं. म्हणून त्यांना तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो.

निरोपात सत्याचा एक कण आहे आणि तो मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं उकिडवं बसून काम, डोक्यावर भारे, चिखलात वाकून भाताची रोपलावण, हे गुडघ्यांना महागात पडतं. आमच्या खानापूर भागातल्या बायकांच्या गुडघ्यांमागे हे कष्ट आहेत. जुनी दुखापत, वाढलेलं वजन हीही कारणं खरी. वजन १ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. तालमीतल्या पैलवानांचं उदाहरण लोक देतात, ‘बैठका मारून गुडघे गेले’. पण लाल मातीत गुडघा पिळवटून अस्थिबंध तुटणं वेगळं आणि बैठकांनी मांडी कसणं वेगळं. ज्यांचा गुडघा आधीच दुखतो त्यांनी खोल बैठका मारू नयेत, एवढं मी सांगते. मारू नयेत म्हणजे हलू नये असं नव्हे.

शेंगा आणि भेंडी. भेंडी बुळबुळीत, वंगणही बुळबुळीत, म्हणून एकातून दुसरं भरतं, हा एवढाच तर्क आहे. खाल्लेलं पोटात पचतं, तुकडे तुकडे होऊन रक्तात जातं. बुळबुळीतपणा तसाच गुडघ्यापर्यंत पोचायला वाटच नाही. भेंडीची भाजी खा, चांगली असते.

आत्तीला मी एकच काम दिलं. पाठीला भिंत असलेल्या उंच खुर्चीत बसायचं, हात छातीवर बांधायचे, नाक पायाच्या अंगठ्यांपुढे येईल इतकं पुढे झुकायचं आणि उठायचं. परत सावकाश बसायचं, धप्पकन नाही, कारण बसतानाचा ब्रेकच मांडी घडवतो. पहिल्या दिवशी तिला दोनदा जमलं, तिसऱ्यांदा हात टेकला आणि मांड्या थरथरल्या. “गुडघा नाही गं दुखत, मांडीच भरून आली,” म्हणाली. तेच हवं होतं. आता सलग नऊ वेळा उठते आणि संध्याकाळी गावच्या वेशीपर्यंत चालून येते. सलग बारा वेळा उठता आलं की येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चढून बघायचा, असं आमचं ठरलंय. सौंदत्तीच्या गाडीत जागा धरायला तिने शेजारणीला सांगून ठेवलंय.