वकिलाची भिंत

वकिलाने कुंपणाच्या भिंतीला नवा रंग दिला त्याला आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी बघतो तर त्यावर हातभर उंचीची लाल अक्षरं. कुणाचं तरी नाव असावं, पण अक्षरं एकमेकांत अशी गुंतलेली की वाचता येईना. संध्याकाळी कट्ट्यावर आला तो कलम पाठ करतच आला.

"भिंत माझी, रंगाचे पैसे माझे. त्याला व्यक्त व्हायचंय तर स्वतःच्या दिवाणखान्यात व्हावं."

रंग्याने आर्ट कॉलेज अर्धवट सोडलंय आणि हल्ली तो पाट्या रंगवतो. तो उठला आणि रस्ता ओलांडून भिंतीला नाक लावून उभा राहिला. आम्हालाही मागोमाग जावं लागलं.

"हात बसलेला आहे. ही रेघ बघ, इथून निघाली ती थेट इथपर्यंत, मध्ये कुठे अडखळली नाही. नवखा असता तर डबा फार जवळ धरला असता. मग रंग साचतो, ओघळतो. इथे ओघळ एकच, शेवटच्या अक्षराखाली. तिथे याचा हात थांबला. कुणाची तरी चाहूल लागली असणार."

"म्हणजे चोराने कुलूप सफाईने उघडलं म्हणून शाबासकी द्यायची?"

मास्तरांनी घसा खाकरला. इतिहास शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे घसा खाकरला की किमान दोन हजार वर्षं मागे जायची तयारी ठेवावी लागते. या वेळी पॉम्पेई. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे इटलीतलं शहर वर काढलं, तेव्हा भिंतींवर हजारो मजकूर सापडले. निवडणुकीचा प्रचार, प्रेम, शिव्या, कुणी कुणाचे पैसे बुडवले ते. "त्यात एकाने भिंतीलाच विचारलंय की बाई, इतक्या जणांचं रटाळ लिखाण अंगावर वागवूनही तू कोसळली कशी नाहीस?"

"बघा! दोन हजार वर्षांपूर्वीही माझ्यासारखे त्रासलेले लोक होते."

"होते. पण तक्रार त्यानेही भिंतीवरच लिहिली."

वकील स्वतःही हसला, पण लगेच सावरला. चित्र असतं तर एक वेळ समजलं असतं, म्हणाला. नुसतं नाव लिहून काय साधलं?

चिंगीने तिथेच त्याला धरलं. "म्हणजे छान चित्र असतं तर चाललं असतं? मग मघापासून मालकीचं काय लावलंयस? तुझा प्रश्न आवडीनिवडीचा आहे."

वकिलाला कोर्टात काय करतात ते माहीत असल्याने त्याने उत्तर दिलंच नाही.

नावाचं मला विचाराल तर मी सहावीत असताना बाकावर कर्कटकाने स्वतःचं नाव कोरलं होतं. बाईंनी सँडपेपर हातात दिला. बाकाचं पॉलिश गेलं, नाव राहिलं. तेव्हा मला कसलाही संदेश द्यायचा नव्हता. मी इथे बसतो, एवढंच. कट्ट्यावर हे बोललो नाही, कारण वकिलाने लगेच कलम लावलं असतं.

रंग्याने टाकी नावाच्या एकाची गोष्ट काढली. न्यूयॉर्कमध्ये निरोप आणि पाकिटं पोचवणारा एक पोरगा. जाईल तिथे मार्करने 'टाकी १८३' लिहायचा. १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली आणि शहरभर पोरांनी मार्कर उचलले. पुढे भुयारी रेल्वेचे डबे रंगायला लागले. एकदा डबा रंगवला की तो आपणहून गावभर फिरतो, आपण घरी झोपायचं.

"मग थांबलं कसं?" मी विचारलं.

"यार्डांना कुंपणं घातली, कुत्री सोडली. पण वर्मी बसलं ते वेगळंच. रंगवलेला डबा साफ झाल्याशिवाय रुळांवर आणायचाच नाही, असं १९८४ पासून ठरवलं. रात्रभर राबून काढलेलं सकाळी कुणी बघितलंच नाही तर काय उपयोग? मे १९८९ मध्ये शेवटची रंगवलेली गाडी काढून घेतली."

"हाच उपाय!" वकील उसळला. "मीही उद्या सकाळी पुसणार."

चिंगी जाहिरातीत काम करते. ती म्हणाली, "पूस ना. पण आमचं होर्डिंग तुझ्या खिडकीसमोर उभं राहतं तेव्हा तुला कोण विचारतं? आम्ही पैसे भरतो म्हणून ते सभ्य, हा भरत नाही म्हणून गुन्हेगार." मग तिने ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं सांगितलं. २००७ पासून तिथे रस्त्यावरच्या जाहिरातींवर बंदी. होर्डिंगं उतरवली आणि मागच्या भिंती उघड्या पडल्या. त्याच शहरात २०१७ च्या जानेवारीत नव्या महापौरांनी एका मोठ्या रस्त्यालगतची चित्रं राखाडी रंगाने झाकली आणि त्यावरून रान पेटलं. "स्वच्छ म्हणजे काय, हे ज्याच्या हातात ब्रश तो ठरवतो."

मास्तर म्हणाले, तुम्ही नाव आणि जाहिरात यातच अडकलात. २०११ मध्ये सीरियातल्या दरा शहरात शाळकरी पोरांनी भिंतीवर राजवटीविरुद्ध लिहिलं. पोरांना उचललं, त्यांचा छळ केला. त्यांच्यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि तिथून देशभर आग पसरली.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग वकील हळू आवाजात म्हणाला, "तिथे दुसरी जागाच नव्हती, मास्तर. याच्या खिशात फोन आहे. तिथे लिहावं."

"फोनवरचं ज्याला बघायचंय तोच बघतो," रंग्या म्हणाला. "भिंत सगळ्यांना बघावी लागते."

"बघावी लागते! हेच तर मी मघापासून म्हणतोय!"

इथे मी मनातल्या मनात वकिलाच्या बाजूने होतो. बंडाच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण पुसणारा हात दरवेळी सत्तेचाच असतो असं नाही. पुष्कळदा तो बादली घेऊन आलेल्या एखाद्या सफाई कामगाराचा असतो आणि त्याच्याशी कुणाचंच भांडण नसतं.

मग परवानगीने रंगवा की, मी म्हटलं. ते माझं मलाच पटेना. परवानगीच्या भिंतींवर फुलपाखरं फार. आधी कच्चं चित्र दाखवा, मंजूर करून घ्या, मग रंगवा. मास्तरांनी मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेरा या चित्रकाराची आठवण करून दिली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये रीतसर बोलावून, पैसे देऊन काम दिलेलं. त्याने चित्रात लेनिन काढला. मालकांनी आधी चित्र झाकलं, १९३४ मध्ये फोडून टाकलं.

आणि मग ज्याची अपेक्षा नव्हती तो मुद्दा वकिलानेच काढला. न्यूयॉर्कमध्येच 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाची इमारत होती. मालकाने वर्षानुवर्षं चित्रकारांना भिंती मोकळ्या सोडल्या होत्या. इमारत पाडायचं ठरलं, तेव्हा २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत त्याने सगळ्यावर पांढरा हात फिरवला. चित्रकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. अपिलातही निकाल टिकला. "भिंत त्याची, तरी चित्र त्याचं नव्हतं," वकील म्हणाला. मग घाईघाईने, "अर्थात तिथे परवानगी होती. इथे तसं नाही."

"तू हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं," चिंगी म्हणाली.

"खटला आवडला मला. काय करू?"

रंग्याला मात्र कोर्ट पसंत नव्हतं. त्याने ब्लूचं उदाहरण दिलं. इटलीतल्या बोलोन्यात या चित्रकाराची २० वर्षांची चित्रं भिंतींवर होती. २०१६ मध्ये रस्त्यावरची चित्रं उतरवून एका प्रदर्शनात मांडायचा घाट घातला गेला, तर त्याने माणसं जमवून शहरातली स्वतःची सगळी चित्रं राखाडी रंगाने पुसून टाकली. "प्रदर्शनवाल्यांच्या हातात जाण्यापेक्षा गेलेलं बरं. भिंतीवरचं जायचंच असतं, ते धरूनच काढायचं."

"मग मी पुसलं तर तुला वाईट वाटायला नको."

"वाटत नाहीये. पण नुसता डिस्टेंपर मारू नकोस, लाल वर डोकावेल. आधी डाग अडवणाऱ्या प्रायमरचे दोन हात दे. आणि फक्त तेवढाच चौकोन रंगवलास तर ठिगळ दिसेल. रंगवायची तर पूर्ण भिंत."

"पूर्ण?" वकिलाने भिंतीची लांबी डोळ्यांनी मोजली. मग खिशातून फोन काढला, शेवटच्या अक्षरासमोर लावलेली स्वतःची स्कूटर ढकलून बाजूला घेतली, चार पावलं मागे गेला, तिरका झाला, परत सरळ झाला.

"पुरावा," आमच्याकडे न बघता म्हणाला.

"पुराव्याला अँगल लागत नाही," चिंगी म्हणाली.